मालिकेतलं प्रेम पटत का नाही? गोव्यातली गोष्ट लिहिताना आलेली अडचण

फेरीबोट
तेरा भागांची एक मालिका लिहिते आहे. गोष्ट सगळी गोव्यातली. नायिका शर्वाणी म्हार्दोळची, घरचा जायांचा मळा, पणजीला जन्म-विवाह नोंदणीच्या कार्यालयात कारकून. नायक उल्हास चोडणचा, क्रूझ जहाजाच्या स्वयंपाकघरात कामाला, दोन कंत्राटांच्या मधल्या सुट्टीत घरी आलेला. पोर्तुगीज पासपोर्टसाठी आजोबांच्या जन्माची पोर्तुगीज काळातली नोंद काढायला तो तिच्या खिडकीपाशी येतो आणि तिथून गोष्ट सुरू होते. शेवटाकडे एका भागात लग्न ठरतं, पुढच्यात मांडवात होतं.

नऊ भाग लिहून झाले. चार जणांना वाचायला दिले. चौघांनी आपापल्या शब्दांत एकच सांगितलं: बाकी सगळं पटतं, ती त्याच्या प्रेमात का पडली तेवढं कळत नाही.

मी पुन्हा वाचून पाहिलं. खरंच कळत नाही. रायबंदरला फेरीतून उतरताना तिचा पाय घसरतो, तो हात धरतो, पाऊस येतो. नवव्या भागात प्रेम व्हायला हवं असं मी आराखड्यात लिहून ठेवलं होतं, म्हणून ते झालं. शर्वाणीचं त्यात काहीच नाही. तिच्या जागी दुसरी कुणीही घसरली असती तरी पुढचं सगळं तसंच घडलं असतं.

हे मला एवढं लागलं त्याला कारण आहे. मी पूर्वी मुंबईत एका रोजच्या मालिकेचे संवाद लिहीत होते, आठ महिने. त्यातला नायक बायकोच्या शिक्षणासाठी शंभर-दीडशे भाग आईशी भांडला होता. एका गुरुवारी रेटिंगचे आकडे आले आणि पुढच्या आठवड्यात त्यानेच तिचं परीक्षेचं प्रवेशपत्र लपवलं. मी विचारलं, का? उत्तर मिळालं, ट्रॅक बदललाय. ते संवाद मीच लिहिले. माझी आई ती मालिका रोज बघायची. त्या रात्री तिने फोन केला आणि एवढंच विचारलं, "अगं, त्याला काय झालं?" मला सांगता आलं नाही. आज सहा वर्षं झाली, तो प्रश्न मनातून जात नाही.

या वेळी कुणाच्या आईने विचारलं तर माझ्याकडे उत्तर असायला हवं. दोन माणसं एकमेकांना का निवडतात, ते पडद्यावर कसं दिसतं, आणि त्यांच्या आड जे येतं ते खरं कसं वाटेल, यावर मोकळेपणाने लिहा. नऊ भाग फाडायची तयारी आहे.

आजचा_भाग
मी लेखक नाही, बघणारी आहे. साखळीला राहते. रोज रात्री आठ ते साडेनऊ सासूबाईंच्या शेजारी बसून बघते. त्या ८१ वर्षांच्या आहेत आणि टीव्हीशी बोलतात. नायिकेने नायकाला दुसऱ्या बाईबरोबर हॉटेलात पाहिलं आणि रडत घरी आली, की आमच्या घरात आवाज होतो: "अगो, ताका फोन कर गो!" आणि ती चाळीस भाग फोन करत नाही. सासूबाईंचं मन तिथे उडतं. मग त्या फक्त साड्या बघतात.

याउलट २०१३ साली 'जुळून येती रेशीमगाठी' लागायची तेव्हा आम्ही दोघी वाट बघत राहिलो होतो. लग्नाच्या वेळी मेघनाच्या मनात दुसरा माणूस होता. ती अडचण एका फोनने मिटणारी नव्हती. तिचंही चुकत नव्हतं, नवऱ्याचंही चुकत नव्हतं. कुणाचंच चुकत नसताना दोघं अडकलेली बघितली की आम्ही जागचे हलत नाही.

तेव्हा हात जोडून सांगते, शर्वाणी आणि उल्हासच्या मध्ये गैरसमज घालू नका.

तिसरी_घंटा
अंत्रुज महालात, म्हणजे आमच्या फोंड्याकडे, जत्रेला देवळापुढे नाटक होत नाही असा गाव शोधावा लागेल. आमच्या गावच्या नाटकाच्या तालमी मी २८ वर्षं घेतोय. नट म्हणजे गावातलीच पोरं: कुणी बँकेत शिपाई, कुणी बसवर, कुणी आरोग्य केंद्रात.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सामाजिक नाटकात नायिकेला सरळ वाक्य होतं, "माझं तुमच्यावर प्रेम आहे." आमची पोर गुणी, आवाज स्वच्छ, पण त्या वाक्याला आली की आवाज पातळ व्हायचा. पंधरा दिवस झाले तरी तेच. शेवटी मी तिच्या मांडीवर अबोलीचं सूप ठेवलं, समोरच्या मुलाच्या हातात केळीच्या दोराचं एक टोक दिलं आणि म्हटलं, माळ करत बोल. मुलाला सवय नाही. त्याने दोर ओढून धरला, तो तुटला. तो ओशाळला. तिने काही न बोलता दोर पाण्यात बुडवला, गाठ मारली आणि टोक पुन्हा त्याच्या हातात दिलं, या वेळी थोडं सैल. मांडवातली माणसं बोलायची थांबली. ते वाक्य आम्ही काढून टाकलं. प्रयोगाला त्या जागी कुणीही खोकलं नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: दोघांच्या हातांना काम द्या. माणूस काम करताना स्वतःला विसरतो आणि मग तो खरा दिसतो. प्रेमात पडणारा समोरच्याचं नेमकं तेच बघत असतो.

दुसरं. तुम्ही शर्वाणी कुठली, काय करते ते लिहिलंत. तिला काय हवंय ते लिहिलं नाहीत. उल्हास भेटायच्या आदल्या दिवशी ती सकाळी उठते तेव्हा तिच्या मनात काय असतं? ते कळल्याशिवाय तिने त्याच्यासाठी काय सोडलं ते आम्हांला कळणार नाही, आणि काही सोडावं लागलं नाही तर ते प्रेम आम्ही का मोजावं?

फेरीबोट
काका, दोर "थोडा सैल" दिला हे वाचून मी खुर्चीतून उठले.

शर्वाणीला मळा वाचवायचा आहे. वडील गेल्यावर भावाला तो विकायचाय. गिऱ्हाईक तयार आहे. भाऊ वाईट नाही, त्याच्यावर कर्ज आहे. ती पहाटे कळ्या काढते, आंघोळ करून बस धरते आणि दिवसभर दुसऱ्यांची लग्नं नोंदवते. हे माझ्या डोक्यात होतं, पण मी ते "घरचा प्रश्न" म्हणून वेगळ्या उपकथेत ठेवलं होतं. प्रेमाच्या प्रसंगात ते कुठेच येत नाही.

सहा_महिने
माझा नवरा १४ वर्षं जहाजावर आहे, म्हणून उल्हासबद्दल बोलते. बाई, तो जहाजावरचा आहे असं तुम्ही सांगता, पण तो तसा वागत नाही.

तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, घरी येतो तेव्हा पहिले आठ दिवस त्याला झोप लागत नाही. इंजिनाची घरघर नसते ना. आमच्याकडे पंखा पाचावर ठेवतात, थंडीतही, फक्त आवाजासाठी. कपड्यांच्या घड्या इतक्या लहान करतो की कपाटाचा एक खण रिकामा राहतो. स्वयंपाकघरातला असेल तर मनगटाच्या वर भाजल्याचे डाग असतात, ट्रेच्या कडेचे, एकसारखे आडवे. कोण जेवलं, कोण जेवलं नाही हे त्याला न विचारता कळतं. बारा-बारा तास दुसऱ्यांना वाढणारा माणूस आहे तो.

आणि विमानतळावरची मिठी दाखवू नका, ती सोपी आहे. कठीण असतो तो पहिला आठवडा. सहा महिने घर मी माझ्या पद्धतीने चालवलेलं असतं. तो येतो आणि मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवतो. मला रडू येतं. बरणीवरून नाही, मी त्याच्याशिवाय जगायला शिकले म्हणून. आणि दोन महिन्यांनी ती सवय मोडते तेव्हा त्याच्या जायची तारीख आलेली असते.

मग प्रेम कुठे दिसतं म्हणाल, तर सांगते. मागच्या वर्षी विहिरीचा पंप कुरकुरायला लागला. पहाटे तीनला त्याचा फोन आला, त्यांच्याकडे संध्याकाळ होती. मी सहज सांगितलं. तो म्हणाला, फोन पंपापाशी घेऊन जा. नाईटीवर, हातात बॅटरी घेऊन मी विहिरीपाशी गेले आणि पंप चालू करून फोन त्याच्याजवळ धरला. तो ऐकत राहिला. जहाजावरच्या इंटरनेटचे पैसे मोजावे लागतात आणि तो पंप ऐकतोय. म्हणाला, बेअरिंग गेलंय, मोटर जळायच्या आत बंद ठेव. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने उघडलं, तर बेअरिंगच.

मला वाटतं उल्हासला पोर्तुगीज पासपोर्ट हवाय तो पैशांसाठी नाही. त्याला जहाज सोडायचंय. युरोपात जमिनीवरची नोकरी, कामावरून सुटलं की रोज रात्री स्वतःच्या घरी. त्याला घर हवंय. तुमच्या शर्वाणीकडे घर आहे, पण ते म्हार्दोळला आहे. हीच अडचण पुरे, दुसरी कशाला?

म्हापसेकर_वकील
"सहा_महिने" यांनी जे लिहिलंय त्यालाच कायद्याची एक बाजू जोडते. फेरीबोट, तुमच्या आराखड्यात एका भागात लग्न ठरतं आणि पुढच्यात मांडवात होतं. गोव्यात तसं होत नाही, आणि ही कथेसाठी चांगली गोष्ट आहे.

आपल्याकडे नोंदणीशिवाय लग्न नाही, कुठल्याही धर्माचं असो. आधी नोंदणी कार्यालयात पहिली सही होते, लग्न करायचा इरादा म्हणून. मग नोटिशीचे दिवस जातात, कुणाची हरकत असेल तर ती घ्यायला. त्यानंतर दुसरी सही. तिथे लग्न कायद्याने पक्कं होतं, विधी त्यानंतर. तुमची नायिका त्याच टेबलावर बसते. पहिली सही करून दुसरीला न आलेली जोडपी तिने पाहिलेली असणार. तिला स्वतःला त्या दोन सह्यांच्या मधल्या दिवसांत उभी करून बघा.

आता मळा. करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते, वारशाने आलेलीसुद्धा, आणि दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा. जमीन विकायची तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, आणि वारस विवाहित असेल तर जोडीदाराचीही. म्हणजे आज मळा वाचवायला शर्वाणीची एक नकाराची सही पुरते. तिने उल्हासशी लग्न केलं की त्या हिश्श्यात तोही आला. मालमत्ता वेगळी ठेवायची तर लग्नाआधीच करार करून नोंदवावा लागतो. नंतर बदलता येत नाही.

तिला हे सगळं तोंडपाठ आहे, रोज तेच काम. तेव्हा ज्याच्यावर तिचं प्रेम आहे त्याच्यासमोर तिला करार ठेवावा लागेल. "तुझ्यावर विश्वास नाही असं नाही" हे वाक्य माझ्या कार्यालयात मी अनेकदा ऐकलंय. दर वेळी ऐकणाऱ्याचा चेहरा वेगळा असतो.

त्याच्या बाजूनेही बघा. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. जुन्या नोंदीत आजोबांचं नाव एका वळणाने, शाळेच्या दाखल्यात दुसऱ्या, हे नेहमीचंच. ते जुळवण्यात महिने जातात, म्हणजे त्याला तिच्या खिडकीपाशी वारंवार यायला खरं कारण आहे. पण ते नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, आपल्याकडे दुहेरी चालत नाही. ती जितकी मनापासून त्याचं काम करील तितका तो लवकर जाईल.

फेरीबोट
शेवटचं वाक्य मी टेबलासमोर चिकटवलं आहे.

कॅमेऱ्यामागे
एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं आणि बऱ्याच मालिका गोव्यात आल्या, तेव्हा मी अशा एका संचावर दिग्दर्शनाच्या मदतीला होतो. मे महिन्यात इथल्याही परवानग्या गेल्या आणि सगळे परतले. त्या थोड्या दिवसांत जे पाहिलं ते सांगतो, कारण बाहेरून लोक लेखकाला शिव्या देतात.

प्रसंगाची पानं सकाळी फोनवर यायची. मेकअप चालू असताना नट वाचायचा. एकदा आमच्या नायकाने विचारलं, "मी हिच्यावर आत्ता चिडलोय की नाही?" कुणालाच माहीत नव्हतं, कारण पुढचा भाग लिहून व्हायचा होता. मग दिग्दर्शकाने त्याला नुसतं बघायला सांगितलं. एक लांबून, एक जवळून, एक तिचं, वर संगीत. घरी बसलेल्याला वाटतं प्रेम ताणलंय. आम्ही कारण सापडेपर्यंत वेळ काढत होतो. आठवड्याला सहा भाग द्यायचे, कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. त्यात पात्राचं मन सांभाळायला एक माणूस नेमलेला नसतो.

तुमच्याकडे तेरा भाग आहेत आणि शेवट आधी ठरवता येतो. ही चैन आहे, वापरा. प्रत्येक प्रसंगाच्या वर एक ओळ लिहा: हा माणूस दारातून आत आला त्याच्या पाच मिनिटं आधी काय झालं होतं. नटाला तेवढं दिलं की तुम्हांला डोळ्यांवर कॅमेरा न्यावा लागत नाही. आणि एक कागद वेगळा ठेवा, दोघं कोणत्या गोष्टी काही केल्या करणार नाहीत याचा. उल्हास तिला न सांगता कागद पुढे पाठवणार नाही असं एकदा ठरलं, की निर्मात्याने "तेराव्यात धक्का द्या" म्हटलं तरी तुमच्या हातात काहीतरी असतं. तुमच्या त्या मालिकेत तो कागद नव्हता. असता तर प्रवेशपत्र लपवायला कुणीतरी दुसरा शोधावा लागला असता.

भरतवाक्य
मी एम. ए. मराठीला आहे, सध्या भरताचं नाट्यशास्त्र वाचतेय. शृंगाराच्या बाबतीत भरताने एक गोष्ट फार नेमकी सांगितली आहे. व्यभिचारी भाव, म्हणजे मनात येऊन जाणारे भाव, तेहतीस. शंका, असूया, चिंता, सगळ्याला शृंगारात जागा आहे. तिघांना नाही: आलस्य, औग्र्य आणि जुगुप्सा. म्हणजे प्रेमात माणूस जळेल, संशय घेईल, झुरेल, पण समोरच्याचा कंटाळा, त्याच्याशी क्रूरपणा आणि त्याची किळस आली की रस तुटला.

मालिकांमध्ये नायक नायिकेचं मनगट पिळून तिला भिंतीपाशी नेतो आणि मागे बासरी वाजते. माझ्या मैत्रिणी "किती पझेसिव्ह" म्हणतात. मला ते बघताना पोटात कसंतरी होतं, आणि का होतं ते हे वाचल्यावर कळलं.

दुसरं, नाट्यशास्त्रातल्या आठ प्रकारच्या नायिकांमध्ये, अष्टनायिकांमध्ये, प्रोषितभर्तृका आहे, नवरा परदेशी गेलेली. गोव्यात ती घराघरांत आहे. वर विहिरीपाशी फोन धरून उभी आहे तीच.

आजचा_भाग
पण मग राग दाखवायचाच नाही का? आमचं लग्न ३४ वर्षांचं. रागाशिवाय एक आठवडा गेला नसेल.

तिसरी_घंटा
राग हवाच. भांडून त्याला घालवलं आणि मग जीव खालीवर झाला, ती कलहांतरिता, त्या आठांतलीच एक. राग समोरच्याचं ऐकून येतो आणि ऐकून जातो. औग्र्याला कान नसतात. तालमीत मी एवढंच सांगतो की भांडणाच्या प्रसंगातही समोरच्याचं वाक्य संपू दे.

फेरीबोट
तीन रात्री बसून हा प्रसंग पुन्हा लिहिला. फेरी, पाऊस, घसरणं काढलं. आता हा तिसऱ्या भागात आहे. प्रसंगाच्या वरची ओळ: पाच मिनिटांपूर्वी भावाचा फोन येऊन गेलाय, गिऱ्हाईक रविवारी मळा बघायला येणार आहे.

कार्यालय, दुपारचे पावणेतीन. खिडकीपाशी रांग. उल्हास बाकावर बसलाय, हातात कागद. त्याचा नंबर आला की तो मागच्याला पुढे जाऊ देतो. एक म्हातारा, एक लेकुरवाळी बाई, एक नवं जोडपं. शर्वाणी मान वर न करता शिक्के मारतेय. जोडप्यातली मुलगी विचारते, "इथेच सही?" शर्वाणी बोट ठेवते. बोटाच्या टोकाला हिरवट डाग आहे, कळ्या खुडल्याचा.

रांग संपते. उल्हास उठतो. शर्टाच्या खिशातून आजोबांचा दाखला काढून खिडकीतून आत सरकवतो.

शर्वाणी: नाव जुळत नाही. नोंदवहीत वेगळं आहे. तुम्हांला परवाच सांगितलं.
उल्हास: हो.
शर्वाणी: मग?

तो खिडकीच्या आत, तिच्या टेबलाकडे बघतो. डबा आहे, त्यावरचा रुमाल सकाळी बांधला तसाच.

उल्हास: तूं जेवलें?

ती थबकते. आतापर्यंत दोघं मराठीत, "तुम्ही" म्हणत बोलत होती. हे कोकणीत, आणि "तू". त्यालाही ते निसटल्याचं कळतं. तो सुधारत नाही, माफीही मागत नाही. दाखला हळूच मागे ओढतो, म्हणजे ती आता मोकळी आहे.

शर्वाणी डब्याची गाठ सोडते. पुन्हा थांबते. दाखल्यासाठी हात पुढे करते.

शर्वाणी: हे राहू दे इथे. जुनी वही मी काढून बघते. उद्या साडेदहाच्या आधी या, मग गर्दी होते.

पहिल्या दोन भागांत तिने कुणालाच वेळ सांगितलेली नाही. "नंबर लावा" एवढंच म्हणते.

सहा_महिने
वाचलं. "तूं जेवलें"ला मी फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसले.

एकच दुरुस्ती. जहाजावरचा माणूस कागद शर्टाच्या खिशात ठेवणार नाही. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाच्या नोकरीचं पुस्तक), सगळे दाखले एका प्लॅस्टिकच्या पाकिटात, चेन ओढलेली. ते पाकीट तो पोटाशी धरून बसतो, बाकावरसुद्धा. दाखला काढला की चेन पुन्हा लावतो, एकच कागद काढला असला तरी.

फेरीबोट
मग शेवटी ती दाखला ठेवून घेते तेव्हा त्याला पाकीट एक कागद कमी असताना बंद करावं लागेल.

सहा_महिने
हो. आणि तो ते लगेच बंद करणार नाही.